उठताना हात कुठे जातो?

हळदीकुंकवाला किंवा मुंजीला गेलात की एक गंमत बघा. साठी ओलांडलेल्या बायका खुर्चीतून उठतात तेव्हा त्यांचा हात कुठे जातो? काहींचा कुठेच जात नाही, पदर सावरत त्या सरळ उभ्या राहतात. काहींचा स्वतःच्या गुडघ्यावर जातो, काहींचा खुर्चीच्या दांडीवर आणि काहींचा शेजारणीच्या खांद्यावर. तोंडातून "आई गं" निघतं ते वेगळंच. उठायला लागणारा तो हात म्हणजे पायांनी हातांकडून केलेली उसनवारी. हे असं बघत बसण्याची खोड मला लागली ती आत्या पडली तेव्हापासून.

आत्या काही अवघड जागी पडली नाही. स्वयंपाकघरातून मोरीत जाताना, चाळीस वर्षं दिवसातून वीस वेळा ओलांडलेल्या दीड इंची उंबऱ्याला पाय अडखळला. मनगट मोडलं, खुबा वाचला. घरात सगळ्यांनी आपापल्या परीने कारण शोधलं. चक्कर आली असेल, बीपी उतरलं असेल, फरशी ओली असेल. फरशी कोरडी होती आणि बीपी ठीक होतं. तिचं स्वतःचं म्हणणं सगळ्यांत नेमकं होतं, म्हणूनच बहुधा कुणी ते ऐकलं नाही. "मला कळलं ना मी पडतेय ते. पाय पुढे टाकायचा होता. तो आलाच नाही."

अडखळतं कोण नाही? वीस वर्षांची पोरगी मोबाईलमध्ये बघत चालताना दिवसातून दोनदा ठेचकाळते. पण ती पडत नाही, कारण तिचा दुसरा पाय झटकन पुढे येऊन अंग झेलतो. आपण पडतो ते अडखळल्यामुळे नाही, तर झेलणारा पाय वेळेवर न आल्यामुळे. त्या पायाला अर्ध्या-पाऊण सेकंदात तीन कामं उरकायची असतात. नडगीच्या स्नायूने चवडा वर उचलायचा, खुब्याच्या पुढच्या स्नायूने मांडी पुढे ओढायची आणि टाच टेकल्या टेकल्या मांडीच्या स्नायूंनी आणि कुल्ल्यांनी सगळं वजन पेलायचं. हेच काम दोन सेकंदांत करणारा पाय अशक्त म्हणता येणार नाही, पण तोवर बाई जमिनीवर असते.

म्हणून 'पायांत ताकद नाही' हे वाक्य अर्धवट आहे. किती वजन उचलता येतं ती ताकद. ते किती झटकन उचलता येतं त्याला व्यायामशास्त्रात पॉवर म्हणतात, आपण चपळाई म्हणू. वय वाढतं तसे स्नायू हळूहळू घटतात, ताकद त्याहून वेगाने घटते आणि चपळाई सगळ्यांत आधी जाते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा उतार आणखी तीव्र होतो. या झिजेला १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी नाव दिलं, 'सार्कोपेनिया'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाचं दारिद्र्य. हे दारिद्र्य काट्यावर दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. वजन पूर्वीइतकंच, साडीही तशीच बसते आणि "तुझ्यात काही फरक नाही गं" असं सगळे म्हणत राहतात.

चपळाईच आधी का जाते, हे कळायला स्नायूच्या आत डोकवावं लागतं. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक संथ, न थकणारे. दिवसभर उभं राहणं, चालणं, ओट्यापाशी तासभर पोळ्या लाटणं ही त्यांची कामं. दुसरे जलद, पटकन जोर लावून पटकन दमणारे. झटका बसला की सावरणं, जिना चढणं, धावती एसटी पकडणं यांना ते लागतात. प्रत्येक तंतूला पाठीच्या कण्यातून एका मज्जापेशीची तार आलेली असते. उतारवयात या मज्जापेशी एकेक करून मरू लागतात. पेशी मेली की तिच्यावर अवलंबून असलेले तंतू अंधारात जातात. मग शेजारची जिवंत तार फांदी फोडून त्यांना आपल्याकडे घेते, आकडा टाकून वीज घ्यावी तसं. जे तंतू असे जोडले जात नाहीत ते सुकून जातात. आणि आकडा बहुतेक वेळा संथ तारेवर पडतो, त्यामुळे मूळचा जलद तंतूही तिच्या संगतीने संथ होतो. स्नायू टिकतो, पण त्याचा स्वभाव बदलतो. आत्याला तासभर उभं राहून पुरणपोळ्या करता येत होत्या, म्हणून घरातल्या कुणाला शंका आली नाही. तिचे संथ तंतू शाबूत होते. उंबऱ्यापाशी लागले ते दुसरे.

हे सगळं पुरुषांच्या बाबतीतही होतं. मग बायकांबद्दलच वेगळं का बोलायचं? एक तर बायकांची सुरुवातच कमी स्नायूंवर होते. उतार सारखाच असला तरी ज्याच्या खात्यात कमी, त्याचं खातं आधी रिकामं होतं. दुसरं, पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. म्हणजे पडण्याची शक्यता वाढते नेमक्या त्याच काळात पडल्यावर मोडण्याचीही वाढते. खुब्याच्या हाडाची मोडतोड होते त्यात चारांतल्या सुमारे तीन बायका असतात. तिसरं कारण आपल्या घरातलं आहे: सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाणं. त्याकडे पुढे येते.

आता तोल. पाय कितीही दणकट असले तरी कधी आणि कुठे टेकायचं हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. मेंदूकडे यासाठी तीन खबरी आहेत. डोळे सांगतात समोर काय आहे. कानाच्या आतल्या तीन अर्धगोल नळ्या आणि त्यांच्या शेजारचे सूक्ष्म खडे सांगतात डोकं कुठे कललं, कुठे वळलं. तिसरा खबरी आपल्या लक्षातच येत नाही: तळवे, घोटे आणि गुडघे. जमीन टणक आहे की मऊ, घोटा किती वाकलाय, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, ही बातमी ते क्षणोक्षणी पाठवत असतात. तरुणपणी तिघेही तरबेज असतात, एखादा गैरहजर राहिला तरी निभतं. पुढे तिघेही थोडे थोडे मंदावतात आणि मग एकाची रजा महागात पडते.

न्हाणीघरात साबण लावून डोळे मिटले की भिंतीला हात लागतो ना? तिथे डोळ्यांनी रजा घेतलेली असते. रात्री दिवा न लावता मोरीकडे जातानाही तसंच. मधुमेह जुना असेल तर तळव्यांच्या नसा बधिर होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही अशी तक्रार करणाऱ्या बाईचा तिसरा खबरी कायमचा गावाला गेलाय असं समजावं. दुहेरी भिंगाचा चष्मा हे आणखी एक प्रकरण. वाचायचं भिंग खालच्या भागात असतं आणि जिना उतरताना पायरीही खालीच बघायची असते, त्यामुळे पायरीची कड नेमकी धूसर दिसते. आणि मोतीबिंदू "अजून पिकला नाही" म्हणून वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांसाठी: इंग्लंडमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ३०६ बायकांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्यांचं पडणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं. पाय तेच होते, फक्त खबर नीट मिळू लागली.

खबर मिळाल्यावर शरीर काय करतं ते एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. गाडी नुसती डुलत असेल तर घोट्यांतून सावरायचं. जरा जोरात हिसका बसला तर कमरेतून वाकायचं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर पाऊल टाकायचंच. घोटा, कंबर, पाऊल अशा तीन पायऱ्या. वय वाढलं की घोटे आखडतात, पहिली पायरी निकामी होते आणि लहानशा हिसक्यालाही पाऊल टाकावं लागतं. ते पाऊल चपळ असेल तर ठीक.

शिवाय चालणं हा बहुतांशी एका पायावर उभं राहण्याचाच प्रकार आहे. चालताना सुमारे ८० टक्के वेळ एकच पाय जमिनीवर असतो. त्या वेळी कंबर एका बाजूला लचकू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू घट्ट धरून ठेवतो. तो कमजोर झाला की बाई डुलत, बदकासारखी चालू लागते, किंवा एका पायावर कमीत कमी वेळ राहता यावं म्हणून पाय घासत छोटी छोटी पावलं टाकू लागते. सलवार किंवा परकर घालताना पूर्वी उभ्याने जमायचं आणि आता पलंगावर बसावं लागतं, हा त्याच स्नायूचा निरोप.

मेंदूचंही यात काम असतं. स्वीडनमध्ये १९९७ साली एक साधा प्रयोग झाला. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालत चालत गप्पा सुरू करायच्या आणि कोण बोलण्यासाठी थांबतं ते बघायचं. बाराजण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहाजण पडले. चालणं आपोआप होईनासं झालं की मेंदूला त्यावर लक्ष खर्च करावं लागतं आणि मग बोलायला लक्ष उरत नाही. भाजी घेऊन येताना गाठ पडली की आत्या रस्त्यातच उभी राहून बोलायची. आम्हाला वाटायचं, गप्पिष्ट आहे.

मनगटाचं प्लास्टर निघालं, पण खरी पडझड नंतर सुरू झाली आणि ती आम्ही केली. "तू बस, मी आणते." पाणी आणते, चष्मा आणते, फोन देते. मोरीत जाताना दंड धरायचा. खाली बसायचं नाही, म्हणून देवापुढे पाट होता तिथे खुर्ची आली. पलंग उंच झाला, कमोड आला, माळा बंद झाला, जिना बंद झाला. एकेक गोष्ट मायेची होती. पण हिशोब केला तर दिवसातून चाळीस-पन्नास वेळा जी बाई उठत-बसत होती ती आता दहा वेळा उठू लागली, तीही हाताच्या आधाराने. स्नायूला माया कळत नाही, वापर कळतो. साठी ओलांडलेल्या धडधाकट लोकांना फक्त १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवल्याचा एक अमेरिकी प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने घटले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्के गेली. त्यांना कुठलाही आजार नव्हता, नुसती विश्रांती होती. टायफॉईड किंवा चिकनगुनियानंतर महिनाभर "पडून राहा" असं ज्या आजीला सांगितलं जातं, तिचं काय होत असेल?

पडल्यावर भीतीही बसते. भीतीने हालचाल कमी होते, त्याने पाय आणखी कमजोर होतात आणि मग भीती खरी ठरते. आत्याच्या घरी हे चक्र जवळजवळ वर्षभर चाललं. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला स्वयंपाकघरातली खुर्ची आणायला सांगितली आणि विचारलं, "काकू, हात न लावता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठाल?" उत्तर होतं चार.

ही चाचणी घरी करता येते. सरळ पाठीची, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको. हात छातीवर घडी करून ठेवायचे, पावलं जमिनीवर सपाट टेकवायची आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसता येईल तितकं मोजायचं. हात टेकावा लागला तर गुण शून्य. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार बायकांसाठी ६० ते ६४ वयात १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ ला ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ मध्ये १० पेक्षा कमी आणि ८० ते ८४ ला ९ पेक्षा कमी आल्यास पडण्याचा धोका जास्त धरतात. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दुसरी मोजणी सुचवली: पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. जपान्यांची युक्ती याहून सोपी आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि पोटरीच्या सगळ्यांत जाड भागाभोवती धरायचं. बोटं टेकून वर जागा उरली, तर पोटरी सुकली आहे. अर्थात पायांना सूज असेल तर ही युक्ती फसते.

तोलासाठी ओट्यापाशी उभं राहायचं, म्हणजे हात पोचेल इतक्या अंतरावर आधार असतो. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून एका रेषेत उभं राहायचं. दहा सेकंद जमलं नाही तर तोलावर काम करायची गरज आहे. घरात दुसरं कुणी असतानाच हे करा.

आता सगळ्यांत चांगली बातमी, जी मला खरं तर पहिल्याच परिच्छेदात सांगायची होती. स्नायू म्हातारा होतो, पण शिकणं सोडत नाही. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोनी आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त, नव्वदीच्या घरातल्या माणसांना पायांसाठी वजनं उचलायला लावली, तीही चांगली जड. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीहून अधिक. दोघांची काठी सुटली. हाताशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्या तिघांपैकी एकाला उठता येऊ लागलं. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकदीचा सुमारे तिसरा हिस्सा निघून गेला, हेही त्याच अभ्यासात लिहिलं आहे.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचं काम मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते बायकांच्या घरात जाऊन केलेलं आहे. ऐंशी ओलांडलेल्या २३३ बायका. अर्ध्या जणींकडे फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा गेले, घोट्याला बांधायच्या वजनांचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले आणि आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास करायला सांगितले. उरलेल्यांकडे नुसत्या गप्पांना माणूस जायचा. वर्षभरात गप्पांच्या गटात १५२ वेळा कुणी ना कुणी पडलं, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हा अभ्यास १९९७ मध्ये आला. पुढे २०१९ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा १०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं आणि तोल व ताकद असे दोन्ही व्यायाम एकत्र केले तर सुमारे ३४ टक्क्यांनी. नुसत्या चालण्याने पडणं घटतं असं मात्र त्यांना ठामपणे म्हणता आलं नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे पचायला जड आहे. "मी रोज बागेला पाच फेऱ्या मारते" हा आपल्या काकू-मावश्यांचा ठेवणीतला दाखला असतो. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, मैत्रिणी भेटतात म्हणून मनालाही चांगलं. पण सपाट रस्त्यावर ठरलेल्या गतीने चालताना काम होतं संथ तंतूंचं. जलद तंतूंना कुणी हाकच मारत नाही.

पूर्वी ती हाक कुठून यायची? मला वाटतं मंगळागौरीतून. श्रावणातल्या त्या जागरणातले खेळ फिजिओथेरपीच्या नजरेने एकदा बघा. फुगडीत मागे झुकून स्वतःचं वजन दुसरीच्या हातात तोलायचं आणि गरागरा फिरताना डोकं गरगरू द्यायचं नाही: कानातल्या नळ्यांची तालीम. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय झटक्यात पुढे टाकायचा: मांडीची चपळाई. झिम्म्यात टाळी देताना वजन या पायावरून त्या पायावर. आणि हे सगळं गाणं म्हणत म्हणत, म्हणजे स्वीडनची परीक्षाही त्यातच. वारीच्या वाटेवर साठी-सत्तरीच्या बायका फुगडी घालताना दिसतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन मैलोन्मैल चालतात. त्यांना तोलाचा व्यायाम वेगळा शिकवावा लागत नाही. शहरी घरांत मात्र खेळ पंचविशी-तिशीत सुटतात आणि पाट, जातं, उखळ, खालची चूल हेही गेलेले असतात. ते गेले हे बरंच झालं, त्यात बायकांचे हाल होते. फक्त त्यांच्याबरोबर उठबसही गेली. म्हणून हाडं ठिसूळ असलेल्या सत्तरीतल्या बाईने उद्या बसफुगडी घालायची असं नाही, हे स्पष्ट सांगते. तिच्यासाठी खुर्ची आहे.

आत्याचा व्यायाम खुर्ची आणि ओटा एवढ्यातच बसतो. खुर्चीतून उठणं-बसणं हा मुख्य. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली, कारण उंच बैठकीवरून उठायला सोपं जातं. पुढे उशी गेली. युक्ती अशी की बसताना सावकाश, मनात तीन मोजत, धपकन अंग टाकायचं नाही. आणि उठताना झटकन. सावकाश बसण्याने ताकद येते, झटकन उठण्याने चपळाई. आठ ते बारा वेळा, मग थोडं थांबून पुन्हा. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बाराव्यांदाही गप्पा मारत उठता येत असेल तर व्यायाम सोपा झालाय, खुर्ची बुटकी करा किंवा हातात वजन घ्या.

चहाला उकळी येईपर्यंत ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. चवडे उचलणं बहुतेकजणी गाळतात, आणि उंबऱ्याला अडखळतो तो नेमका चवडाच. खुब्याच्या बाहेरच्या स्नायूसाठी पाय बाजूला उचलायचा, कंबर न कलू देता. ओट्याच्या कडेने टाचेला अंगठा लावत एका रेषेत पुढे जायचं, आडवं चालायचं, उलटं चालायचं. आधी पूर्ण हात, मग दोन बोटं, मग हात नुसता ओट्याच्या वर तरंगता. हात टेकलेला असेल तर तोलाचा व्यायाम होतच नाही, कारण तोल ओटा सांभाळत असतो. अर्थात आधार हाताशी हवाच. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचे असे मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगते.

"पण माझे गुडघे झिजलेत" हा हमखास येणारा प्रश्न. झिजलेल्या गुडघ्यासाठी मांडीचा स्नायू बळकट करणं हा उपचारांतला पहिल्या फळीचा उपचार आहे. स्नायू जितका भार उचलेल तितका सांध्यावरचा ताण हलका. थोडं दुखेल. दुखणं दुसऱ्या दिवशी उतरलं तर चाललंय ते ठीक, गुडघा सुजला तर खुर्चीची उंची वाढवा आणि संख्या कमी करा. छातीत दुखणं, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, मणक्याचं मोडलेलं हाड, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. अंधारीच्या बाबतीत गोळ्यांची पिशवीच घेऊन जावी. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी पडणाऱ्या बायका कमी नाहीत. गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत.

राहिलं ताट. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रौढांसाठीचं मान आहे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं. उतारवयातल्या स्नायूंना प्रथिनांची हाक जरा मोठ्याने द्यावी लागते, म्हणून वृद्धांच्या आहाराचे बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. ५५ किलोच्या बाईला ते ५५ ते ६५ ग्रॅमच्या आसपास येतं. आता आत्याचा जुना दिवस बघा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, ज्यात डाळ जेमतेम वीस ग्रॅम आणि प्रथिनं चार-पाच ग्रॅम. रात्री भाताची पेज. त्यात संकष्टी, एकादशी, गुरुवार. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, त्या दिवशी जी काही मिळतात ती दाण्याच्या कुटाची कृपा. उपास सोडायला मी सांगणार नाही, सांगून कुणी ऐकतही नाही. पण साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दही, दाणे, पनीर घेता येतं. एरवी वरण घट्ट करावं, पिठलं, उसळ, मटकी, थालीपीठ, अंडं, सुकट-बोंबील चालत असतील ते, आणि सकाळच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी काहीतरी कामाचं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. आणि ज्यांना वाटतं की डब्यातली पावडर घेतली की झालं, त्यांच्यासाठी: फियाटारोनींनीच १९९४ मध्ये सरासरी ८७ वर्षांच्या शंभर वृद्धांवर पुढचा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांची वाढली नाही.

घराचं थोडक्यात. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रीचा मंद दिवा. सरकणारं पायपुसणं हद्दपार. मोरीत टॉवेलच्या दांडीऐवजी भिंतीत पक्की बसवलेली पकड, कारण तोल गेला की माणूस जे दिसेल ते धरतं आणि टॉवेलची दांडी उखडून हातात येते. अंगठ्यात अडकवायच्या सैल स्लिपरऐवजी टाचेला पट्टा असलेली चप्पल. आत्याच्या घरचा उंबरा मात्र तसाच आहे. काढू म्हटलं तर ती म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला रांगोळी कुठे काढू?" मग त्याच्या कडेला पिवळा पट्टा मारला.

शेवटची गोष्ट कुणी शिकवत नाही: पडल्यावर उठायचं कसं. बऱ्याच बायकांना लागलेलं नसतं, पण उठता येत नाही म्हणून त्या तासन् तास जमिनीवर पडून राहतात. आधी घाई न करता हातपाय हलवून बघायचे. खुबा किंवा पाठ जोरात दुखत असेल तर उठायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर भार देऊन रांगण्याच्या स्थितीत यायचं आणि जवळच्या पक्क्या खुर्चीपर्यंत रांगत जायचं. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जो पाय जोराचा त्याचं पाऊल पुढे टेकवायचं, हात आणि तो पाय यांवर जोर देऊन उठायचं आणि वळून खुर्चीवर बसायचं. बसल्यावर दोन मिनिटं तसंच.

याचा सराव आम्ही गादी घालून केला, फिजिओबाई शेजारी उभ्या असताना. आत्या आता अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठते, त्यामुळे तिला या सरावाचा जरा अपमानच वाटला. दोनदा खुर्चीला धरून उठली. तिसऱ्यांदा म्हणाली, खुर्ची बाजूला कर. मी खुर्ची हातभर मागे सरकवली, काढली नाही.